मान डोलावणारे विमान

मुनव्वर शिकलगार यांना काही बिघडल्याचे कुणी सांगितले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माझं काय चुकलं?" नवख्याला वाटते, माणूस भित्रा आहे. तसे नाही. ती त्यांची कामाची रीत आहे. आधी आपल्या हातची चूक शोधायची. ती नाही अशी खात्री पटली की यंत्राची. दुसऱ्या माणसाची चूक अगदी शेवटी, तीसुद्धा नाइलाज झाला तर. मी त्याच वर्कशॉपमध्ये हिशेबाचे काम पाहतो. आमच्याकडे ताळा जुळला नाही की जो तो आधी शेजारच्या टेबलाकडे बघतो. त्यामुळे त्यांच्या या रीतीचे मला पहिल्यापासून अप्रूप वाटत आले. गेल्या दसऱ्यानंतर मात्र याच रीतीने त्यांना चांगलेच अडचणीत आणले.

आमचे वर्कशॉप लहान विमानांचे. हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यापासून आत गेले की एक छोटी खासगी धावपट्टी आहे. तिच्या कडेला आमचे पत्र्याचे हँगर. एका इंजिनाची, चार आसनांची विमाने येतात, त्यांची तपासणी आणि दुरुस्ती आम्ही करतो. त्यातला विजेचा, रेडिओचा आणि काचेमागच्या सगळ्या यंत्रांचा भाग मुनव्वरभाईंकडे.

त्यांचा जन्म मंडईच्या मागच्या गल्लीतला. वडील चाकू, सुऱ्या, विळ्यांना धार लावून देत. घराण्याचे आडनावच त्या कामावरून पडलेले. मंडईतल्या भाजीवाल्या सकाळी विळ्या टाकून जात आणि दुपारी घेऊन जात. मुनव्वरला चाकावर बसवले की तो धार लावायचे सोडून चाकच उघडून बघत बसे. अखेर वडिलांनी सांगितले, "याला विळी नको, चाक पाहिजे." मग आयटीआय झाले. स्वारगेटजवळच्या एका दुकानात खासगी बसमध्ये टेपरेकॉर्डर बसवण्याची नोकरी झाली. तिथे एका गिऱ्हाइकाने विमानाचा रेडिओ दुरुस्तीला आणला. तो मुनव्वरभाईंनी चालू करून दिला आणि त्या गिऱ्हाइकाच्या मागोमाग हँगरमध्येच आले ते आजतागायत. मधल्या काळात परीक्षा दिल्या, लायसन्स घेतले, विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. मुलगी आलिया खराडीला आयटीत आहे. ती त्यांना चिडवते, "अब्बा, आमच्याकडे काही बिघडलं की आम्ही म्हणतो, माझ्या मशीनवर तर चालतंय. तुम्ही आमच्या कंपनीत एक दिवस टिकणार नाही."

या गोष्टीतले विमान रंगराव जांभळे यांचे. रंगरावांची भोसरीला फाउंड्री आहे, ती आता मुलगा शंभू सांभाळतो. स्वतः रंगराव चाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकले आणि तेव्हापासून त्यांना दुसरा नाद नाही. पांढरे विमान, दोन्ही अंगांना नाकापासून शेपटीपर्यंत लाल पट्टा. महिन्यातून दोन-तीनदा ते एकटेच कोल्हापूरला किंवा नाशिकला जाऊन येत. आता ते सत्तरीला टेकले आहेत. वैद्यकीय तपासणीत दर वेळी पास होतात, पण त्यांच्या पत्नी मुक्ताई यांची तपासणी जास्त कडक.

एके दिवशी त्या रंगरावांबरोबर थेट हँगरमध्ये आल्या आणि आमच्या देखतच विषय काढला.

"अहो, दीड-दोन तास तुम्ही एकटे तो दांडा धरून बसता. डुलकी लागली तर?"

"विमानात डुलकी लागत नाही," रंगराव म्हणाले.

"जेवून उठल्यावर लागते. बँकेत टोकन घेऊन बसलात की लागते. माझ्या भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना लागली. विमानानंच काय घोडं मारलंय?"

रंगरावांनी मुनव्वरभाईंकडे पाहिले. मुनव्वरभाईंनी हात पुसले आणि म्हणाले, "वहिनी, ऑटोपायलट बसवू या. हल्ली लहान विमानांसाठी चांगले डिजिटल आलेत. हात भरून येत नाहीत, माणूस थकत नाही."

"ते यांना सांगू नका, हे कशालाही हो म्हणतील. मला सांगा. भरवशाचं आहे?"

"आहे. माझी जबाबदारी."

"ठीक आहे. तुमच्या शब्दावर," मुक्ताई म्हणाल्या. "पण एक ऐकून ठेवा. बसवल्यावर ते नीट चाललं नाही, तर यांचं एकट्यानं उडणं बंद. इंदूरचं कुणीतरी हे विमान मागतंय, शंभू देऊन टाकेल."

रंगराव विमानाच्या पंखावर उगाच हात फिरवत राहिले. त्या घटकेपासून त्यांचे आकाश मुनव्वरभाईंच्या हातात आले.

यंत्र बसवायला बरेच दिवस लागले. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिकडे जायचो आणि ते मला एकेक भाग दाखवायचे. वैमानिकासमोरच्या पाटीवर हाताच्या पंजाएवढी एक पट्टी आली, तिच्यावर काही बटणे आणि एक फिरवायची चकती. पट्टीच्या मागे छोटा संगणक. पंखाच्या आत एक मोटर आणि शेपटीकडे एक, त्यांना सर्व्हो म्हणतात. वैमानिक दांडा हलवतो तेव्हा ज्या तारा ओढल्या जातात, त्याच तारांना या मोटरी जोडलेल्या.

"पण विमान तिरकं झालं हे त्याला कळतं कसं?" मी विचारले.

"मोबाइल आडवा धरला की चित्र आडवं होतं ना? तसलीच चिप, फक्त जास्त शहाणी. पूर्वी यासाठी भोवऱ्यासारखं फिरणारं चाक असायचं. ते झिजायचं. आता फिरणारं काही नाही. कुठे आहोत ते उपग्रहावरून कळतं. उंची आणि वेग हवेच्या दाबावरून."

"मग?"

"मग काय, हाही तुमच्यासारखाच हिशोबनीस. तुम्ही सांगितलं, साडेचार हजार फुटांवर राहा. तो बघतो, आत्ता किती आहे. फरक निघाला की शेपटीची तार जरा ओढतो. फरक मोठा तर जास्त ओढतो, लहान तर कमी. आणि फरक किती झपाट्यानं कमी होतोय तेही बघतो. नाहीतर विमान पलीकडे निघून जायचं."

"म्हणजे अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष यांतली तफावत."

"अगदी तेच. तुम्ही वर्षाअखेर काढता, हा सेकंदाला कितीतरी वेळा काढतो."

"आमच्याकडे तफावत निघाली की बैठक बोलावतात."

"म्हणून तर तुम्हाला उडवत नाहीत," ते म्हणाले आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी उचलून घेतली.

मग त्यांनी मला वैमानिकाच्या जागेवर बसवले, यंत्र चालू केले आणि म्हणाले, "आता दांडा ओढा." मी ओढला. मोटर अडवत होती, पण जोर लावल्यावर दांडा सरकला. "मोटरीत घसरणारा क्लच आहे. यंत्राचा जोर माणसाच्या जोरापेक्षा नेहमी कमी ठेवायचा. आणि हे अंगठ्याखालचं लाल बटण. दाबलं की यंत्र सुटलं, विमान तुमच्या हातात. रंगरावांनी दर वेळी उडण्याआधी हे दोन्ही करून बघायचं. यंत्राशी आधी कुस्ती, मग दोस्ती."

दसऱ्याच्या आधी काम पुरे झाले. जमिनीवरच्या सगळ्या चाचण्या झाल्या, हवेतली चाचणी दसऱ्यानंतर ठरली.

दसऱ्याला आमच्या हँगरमध्ये पूजा असते. पाने, पक्कड, जॅक, संगणक, उभी असलेली विमाने, सगळ्यांची. हार दर वर्षी मुनव्वरभाई आणतात. मंडईतल्या फूलवाल्या त्यांना लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे झेंडू ताजा मिळतो. शिवाय कुठे काय बांधायचे नाही हे तेच सांगतात. त्याही दिवशी ते नाकाशी उभे राहून ओरडत होते, "पंख्याला हात नको! अँटेनाला हार अडकवू नका! पंखाखालच्या त्या नळीला कुणी शिवायचं नाही!" मुक्ताई ताट घेऊन आल्या होत्या. तेलात कालवलेले कुंकू होते. त्यांनी नाकाला लावले, चाकांना लावले, दाराला लावले आणि विमानाला वळसा घालून आल्या. पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी हँगरचा सफाई कामगार कोंडीराम याने चाचणीसाठी विमान फडक्याने लखलखीत करून ठेवले.

चाचणीला गेल्या कॅप्टन कल्याणी. या वयाने तरुण, पण हाताने अत्यंत स्थिर वैमानिक आहेत. नवीन बसवलेल्या यंत्रांच्या चाचण्या आमच्याकडे त्याच घेतात. शेजारी मुनव्वरभाई बसले. खाली उतरल्यावर कल्याणींनी हेडफोन काढला आणि म्हणाल्या, "काका, सरळ जाताना एकदम शहाणं आहे. पण वळायला लागलं की मान डोलावतं."

"म्हणजे?"

"डावीकडे वळलं की नाक खाली घालतं, उजवीकडे वळलं की वर काढतं. मग परत जागेवर येतं. नंदीबैल! धोका काही नाही, बटण दाबलं की मी मोकळी. पण असं मी पास नाही करणार."

मुनव्वरभाई म्हणाले, "माझं काय चुकलं?" आणि कामाला लागले.

पुढचे दिवस पाहवत नव्हते. त्यांनी शेपटीकडची मोटर काढली, पुन्हा बसवली. तारेचा ताण मोजला. क्लच तपासला. कुठल्या वायरीशेजारी कुठली वायर गेली आहे ते पाहिले. संगणकातली प्रत्येक किंमत कंपनीच्या पुस्तकाशी ताडून बघितली. दर वेळी कल्याणी वर जात आणि दर वेळी खाली येऊन मान डोलावून दाखवत. हँगरमधले लोकही आता एकमेकांना हो म्हणायचे झाले की तशीच मान हलवू लागले. मुनव्वरभाईंना हसू येत नव्हते. डबा तसाच परत न्यायला लागले तेव्हा मी बोललो.

"अहो, यंत्रच सदोष असेल. परत पाठवा, दुसरं मागवा."

"आधी माझं काम निर्दोष आहे हे कळू दे."

"किती वेळा कळायचं?"

"वहिनींना शब्द कंपनीनं नाही दिला, हिशोबनीस. मी दिलाय."

शंभूचा फोन आला. सभ्य मुलगा आहे, पण सरळ बोलला. इंदूरचे लोक आठवड्याअखेरीस बघायला येतो म्हणतात, काय सांगू? मुनव्वरभाईंनी आणखी एकदा चाचणी घेऊ द्या म्हणून सांगितले. त्या चाचणीला स्वतः मुक्ताई येणार असेही शंभूने कळवले.

त्या आल्या त्या दिवशी ऊन चांगले होते. विमान हँगरच्या दाराशी काढलेले. रंगराव एका बाजूला, परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखे. शंभू गाडीपाशी फोनवर. मुक्ताई विमानाभोवती सावकाश फिरल्या आणि शेपटीच्या अलीकडे डाव्या बाजूला थांबल्या.

"मी लावलेलं कुंकू कुठे गेलं?"

सगळ्यांनी कोंडीरामकडे पाहिले.

"नाकावरचं गेलं, ठीक आहे, पंख्याचा वारा लागतो. दाराला हात लागतात. पण इथलं कुणी पुसलं? सुवासिनीनं लावलेलं कुंकू कुणी पुसलं, ते सांगा मला."

कोंडीराम पुढे आला. तो फुरसुंगीच्या पलीकडचा. त्याचा चेहरा उतरला होता. "वैनी, म्या पुसलं न्हाई. निस्तं फडकं मारलं वरनं. आईच्यान!"

"फडकं मारणं म्हणजे पुसणंच, कोंडीराम."

रंगराव म्हणाले, "अगं, जाऊ दे ना—"

"तुमच्यासाठीच लावलं होतं. तुम्ही मध्ये बोलू नका."

मुनव्वरभाई मात्र मुक्ताईंच्या बोटाकडे बघत होते. बोट ज्या जागेवर होते तिथे लाल पट्ट्याच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढी एक धातूची चकती होती. तिच्या मध्यभागी बारीक भोक.

"वहिनी, कुंकू नेमकं इथेच लावलं होतं? या चकतीवर?"

"हो. किती छान गोल जागा होती. म्हटलं, कपाळच केलंय."

मुनव्वरभाईंनी खिशातली बॅटरी काढली, गुडघे टेकले आणि भोकात उजेड टाकला. उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होते ते मला सांगता येणार नाही. हसू, रडू आणि एका अवघड बेरजेचे उत्तर, असे तिन्ही एकदम.

"कोंडीराम खरं बोलतोय. कुंकू पुसलेलं नाही. आहे अजून. आत आहे."

मुक्ताई वाकल्या. बॅटरीच्या उजेडात त्यांना भोकातला लाल ठिपका दिसला. त्यांचा चेहरा खुलला. "बघा! मी म्हटलंच होतं."

आता मात्र मुनव्वरभाईंची खरी पंचाईत झाली. मला यंत्रातले फार कळत नसले तरी एवढे कळले, की नंदीबैल सापडला. शंभूही तोवर येऊन पोहोचला होता. त्याने मुनव्वरभाईंना बाजूला ओढले आणि हळूच म्हणाला, "काका, आईला काही सांगू नका. साफ करून टाका. सेन्सर खराब होता म्हणा."

मला तो सल्ला पटला होता. मी मानही डोलावली. मुनव्वरभाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी मान थांबवली. मग ते परत मुक्ताईंपाशी गेले.

"वहिनी, कात्रजचा घाट चढताना कानात दडा बसतो?"

"बसतो की. मग आवंढा गिळायचा."

"का बसतो? वर जाऊ तशी हवा विरळ होते. कानाला ते कळतं. विमानाला पण उंची तशीच कळते. त्याचे हे दोन कान आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींतून आलेल्या हवेची सरासरी काढून यंत्र ठरवतं, आपण किती उंच आहोत. वळताना विमान जरासं तिरपं सरकतं, तेव्हा एका कानाला वारा जास्त लागतो, दुसऱ्याला कमी. दोन्ही उघडे असले की फरक एकमेकांत जिरून जातो. डावा बंद, तर फक्त उजव्या कानाचं ऐकून डावीकडे वळताना यंत्राला वाटतं, अरे, आपण वर गेलो! की नाक खाली. उजवीकडे वळताना वाटतं, खाली आलो! की नाक वर."

मुक्ताई ऐकत होत्या. हातातली पर्स त्यांनी दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे यंत्र बिघडलंच नव्हतं."

"नाही. ते इमानदारीनं मान हलवत होतं. चूक माझी झाली. पूजेच्या आधी मी या भोकांना चिकटपट्टी लावायला हवी होती. विमान धुताना लावतो. पूजेला सुचलं नाही."

"कुंकू मी लावलं आणि चूक तुमची?"

"वहिनी, हे माझं काम—"

"थांबा. तुमच्या चुका तुमच्याकडे भरपूर असतील. ही माझी आहे, मला ठेवू द्या."

रंगराव एवढ्या मोठ्याने हसले की शेडच्या पत्र्यावरची कबुतरे उडाली. मुनव्वरभाई बिचारे ओशाळून उभे. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या हातातून चूक काढून घेतली नव्हती.

"इथे काही लिहिलंय का?" मुक्ताईंनी चकतीभोवतीच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले.

"लिहिलंय. ही भोकं बंद करू नयेत असं. इंग्रजीत."

"मला वाटलं, कंपनीचं नाव आहे. एवढ्या बारीक अक्षरात कंपनी तरी कशाला लिहील म्हणा. बरं, आता ते काढायचं कसं?"

हा प्रश्न विचारायचे धाडस आमच्यापैकी कुणाचे नव्हते, तो त्यांनीच विचारला. कोंडीराम दोन पावले मागे सरकला.

"धुवावं लागेल," मुनव्वरभाई जपून म्हणाले.

"मग धुवा. मी रोज तोंड धुते तेव्हा कुंकू जातंच की. पण कपाळ मोकळं ठेवत नाही. आधी मी दुसरीकडे लावते, मग हे काढा. जागा तुम्ही दाखवा, नाहीतर मी परत कुणाच्या तरी कानात घालायची."

आमच्या भाषेत याला रक्कम वर्ग करणे म्हणतात. मुनव्वरभाईंनी काम मन लावून केले. विमानाभोवती फिरले, इथे हवा आत जाते, इथून पाणी निघते, इथे उष्णता, असे स्वतःशी बोलत शेवटी नाकाच्या खालच्या बाजूला एका सपाट पत्र्यावर बोट ठेवले. "इथे. इथे काही मोजत नाही, काही श्वास घेत नाही." मुक्ताईंच्या पर्समध्ये कुंकवाची डबी होतीच. नवे लागले आणि मगच जुन्याला हात लागला. आतली नळी आधी यंत्रांपासून सोडवली. तशीच फुंकर मारली तर नाजूक यंत्रांचे नुकसान होते. मग आतून बाहेर हवा सोडली आणि भोकातून तेलकट लाल बुचासारखा एक कण कोंडीरामच्या फडक्यावर येऊन पडला. पुन्हा जोडणी, मग गळती नाही ना याची तपासणी. दुपार झाली.

पण मुक्ताई अजून हो म्हणाल्या नव्हत्या. चहा पिताना त्यांनी मुनव्वरभाईंना गाठले.

"एक चिमूटभर कुंकवानं तुमचं यंत्र फसलं. उद्या आणखी कशानं फसेल. तेव्हा काय?"

"तेव्हा रंगरावांनी लाल बटण दाबायचं आणि दांडा हातात घ्यायचा."

"म्हणजे यंत्र असलं तरी डुलकी घ्यायची नाही?"

"अजिबात नाही."

"मग मी हे सगळं कशासाठी करायला लावलं?"

मुनव्वरभाईंनी कप खाली ठेवला. "वहिनी, दोन तास दांडा धरून माणूस दमतो आणि दमला की पेंगतो. यंत्रानं दांडा धरला की त्याला बाहेर बघता येतं, नकाशा बघता येतो, रेडिओवर नीट बोलता येतं. यंत्र त्याच्याऐवजी नाही, त्याच्या हाताखाली आहे. हाताखालच्यावर लक्ष ठेवायला साहेब जागा लागतो. मी यंत्राची जबाबदारी घेतली होती. माणसाची मला घेता येणार नाही."

मुक्ताईंनी कल्याणींना बोलावले आणि दोघी हँगरच्या कोपऱ्यात काहीतरी बोलल्या. परत येताना कल्याणींचा चेहरा मुद्दाम गंभीर केलेला होता.

चाचणीला चौघे गेले. डावीकडे रंगराव, उजवीकडे कल्याणी, मागे मुक्ताई आणि मुनव्वरभाई. वर काय झाले ते मुनव्वरभाईंनी मला नंतर सांगितले, आणि सांगताना दोनदा थांबून हसले.

वर गेल्यावर रंगरावांनी यंत्र चालू केले. डावीकडे वळले. नाक जागच्या जागी. उजवीकडे वळले. नाक जागच्या जागी. साडेचार हजार फुटांची रेघ तसूभर हलली नाही. कल्याणींनी अंगठा वर केला. दांडा आपला आपण किंचित हलत होता आणि खाली मुळा-मुठेचे पाणी चमकत होते. मुक्ताईंनी पुढे वाकून तो दांडा बघितला. "सांगितलं तेवढंच करतं. उलट बोलत नाही," त्या म्हणाल्या. रंगराव खूश होते. त्यांना वाटले, परीक्षा संपली.

परीक्षा आत्ता सुरू होत होती. मुक्ताईंनी हेडफोनच्या माइकमध्ये बोलायला सुरुवात केली.

"अहो, सांगायचं राहिलं. दिवाळीला तुमची ताई येतेय."

"अरे वा."

"पाडव्यापर्यंत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत."

"काय?"

"आणि मागच्या खोलीत तिला गार लागतं, म्हणून तुमच्या खोलीत झोपणार. तुम्ही हॉलमध्ये. शिवाय भावजीही येतील, त्यांना तुम्ही पर्वती दाखवायची, रोज, चढून."

याच वेळी कल्याणींनी डाव्या हाताने, अगदी सहज, उंचीची चकती फिरवली आणि एक बटण दाबले. विमानाने गुपचूप खाली उतरायला सुरुवात केली. इतके हळू, की मुनव्वरभाईंनाही आधी पोटात कळले आणि मग डोळ्यांना.

"रोज पर्वती? अगं, त्यांचे गुडघे—" रंगराव मागे वळून बोलत होते. बोलता बोलता ते मध्येच थांबले. मान पुढे वळली. अंगठा लाल बटणावर गेला, यंत्र सुटल्याची सूचना कानात वाजली, दोन्ही हात दांड्यावर आले आणि विमान पुन्हा सरळ झाले.

"ताईचं खाली गेल्यावर बघू," ते म्हणाले. "आधी हे कुणी केलं?"

कल्याणी खिडकीतून बाहेर बघत होत्या. मुनव्वरभाई स्वतःच्या बुटांकडे. मुक्ताई मागे टेकून बसल्या.

"मी करायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "बघायचं होतं, जागे आहात का."

विमान खाली उतरले तेव्हा मी, शंभू आणि कोंडीराम धावपट्टीच्या कडेला उभे होतो. मुक्ताई पंखावरून जपून उतरल्या. पदर सारखा केला आणि शंभूला म्हणाल्या, "त्या इंदूरच्या माणसांना सांग, दुसरं बघा."

शंभूने माझ्याकडे पाहिले. मी मुनव्वरभाईंकडे. ते विमानाच्या डाव्या बाजूला वाकून ते भोक पुन्हा तपासत होते. पुढच्या आठवड्यात त्या चकतीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक मराठी पाटी चिकटवली, "ही जागा हवेची आहे. कुंकू, हळद, हार लावू नये. लावल्यास विमान ऐकणार नाही." कायदेशीर मजकूर इंग्रजीत वेगळा आहेच.

त्या दिवशी रंगराव मात्र अजून विमानातून उतरलेच नव्हते. कल्याणी उतरल्या तरी ते जागेवर बसून.

"मी एक फेरी मारून येऊ?" त्यांनी दारातून विचारले.

"एकटे?"

"एकटा."

मुक्ताईंनी मुनव्वरभाईंकडे पाहिले. मुनव्वरभाई सरळ उभे राहिले, पण हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या वाट्याची जबाबदारी पूर्ण झाली होती. उरलेला निर्णय त्यांचा नव्हता. मुक्ताई पंखापासून दूर झाल्या, आमच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या आणि हात वर करून म्हणाल्या, "जा."

रंगरावांनी दार लावता लावता पुन्हा उघडले.

"ताईचं ते खोटं होतं ना?"

"ते खरं आहे," मुक्ताई म्हणाल्या. "जा आता, ऊन उतरायच्या आत या."